पाहुण्यांचा बंदोबस्त

जुंबेरने कुत्रा आणला तो चोरांसाठी नव्हे, पाहुण्यांसाठी. चोरांची त्याला फारशी भीती नव्हती. अलाझानी नदीच्या खोऱ्यातल्या त्या गावात चोर कधी वर्षा-दोन वर्षांतून एकदा फिरकायचा आणि जे न्यायचं ते मुकाट्याने घेऊन जायचा. पाहुणा मात्र रोज यायचा, आला की बसायचा, आणि जे खायचं ते तुमच्या डोळ्यांदेखत ‘वा, वा’ करत खायचा. वर त्याला दीर्घायुष्य लाभो म्हणून प्यालाही तुम्हीच उचलायचा. फाटक लावून घ्यावं म्हटलं, तर या गावात दिवसाढवळ्या फाटकाला कडी घालणं म्हणजे एक तर घरात मयत झालीय किंवा घरमालकाला वेड लागलंय. त्यामुळे जुंबेरची कोंडी होत असे.

शेवटी त्याला मेहुण्याची आठवण झाली. लमाराचा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ तोर्ग्वा वर तुशेतीच्या डोंगरात मेंढरं राखायचा. पानगळीत कळप खाली उतरले तेव्हा जुंबेरने त्याच्याकडे एक कुत्रा मागितला. मोठा, आडदांड, पाहताच माणसाने रस्ता बदलावा असा. तोर्ग्वाने बासारा नावाचा कुत्रा आणून अंगणात उभा केला. बासाराचं डोकं जेवणाच्या टेबलावर आरामात टेकत होतं आणि मान जुंबेरच्या मांडीएवढी होती. दोन लांडग्यांना त्याने लोळवलं होतं म्हणे. ते खरं असावं, कारण त्याचा एक कान अर्धाच होता.

“याच्या दोन-चार सवयी सांगून ठेवतो,” तोर्ग्वा म्हणाला.

“मला शिकवू नकोस,” जुंबेर म्हणाला. “या जातीबद्दल मी सगळं वाचलंय.”

तोर्ग्वाने खांदे उडवले, कॉफी प्यायला, दुसरा कप कुणी विचारत नाही हे पाहून उठला, आणि आपल्या मेंढरांकडे निघून गेला.

त्यानंतरचे दिवस जुंबेरने फार सुखात घालवले. रोटीच्या भट्टीपाशी उभा राहून तो लोकांना श्वानशास्त्र समजावून सांगायचा. अशा ताकदवान जातीच्या कुत्र्याला घरातला मालक कोण ते पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे, हा त्याचा मुख्य सिद्धान्त होता. बासाराला ते पहिल्याच दिवशी कळलंही होतं. जुंबेर त्याला शिळ्या रोट्या चीजच्या पाण्यात भिजवून घालायचा. तो पाठ फिरवून व्याख्यानाला गेला की लमारा बादलीभर उकडलेले जव आणि मांसाची हाडं घेऊन यायची, त्याच्या शेजारी ओट्यावर बसायची आणि त्याच्या केसांतल्या गोचिड्या एकेक करून काढायची. काढताना त्याच्याशी गप्पाही मारायची. घरात दुसरं कुणी तिचं इतका वेळ ऐकून घेत नसे.

गाव मात्र दबकलं. फाटक सताड उघडं असूनही कुणी आत पाऊल टाकेना. रीतही सांभाळली गेली आणि वाइनही वाचली. एवढी सोपी गोष्ट आपल्याला वीस वर्षं सुचली कशी नाही, याचंच जुंबेरला नवल वाटे.

घोडं अडलं होतं एका लग्नापाशी. मुलगी तामता तिबिलिसीत नोकरी करत होती, तिथेच तिने मुलगा पाहिला होता. आता मुलाचे वडील एल्गुजा लग्नाचं ठरवायला गुर्जानीहून यायचे होते. आमच्याकडे मुलीची पाठवणी म्हणजे तिच्या घरी मोठी मेजवानी, मग मुलाच्या घरी त्याहून मोठी. जुंबेरचं म्हणणं, चाळीस माणसं पुरेत. यंदाची वाइन अजून रांजणात खदखदत होती, ती लग्नापर्यंत पिण्याजोगी होणार नव्हती. गेल्या वर्षीच्या चार रांजणांपैकी एकच उरला होता, तळघराच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, तोंडावर ओली माती थापून बंद केलेला. तशी सापेरावी, म्हणजे काळ्या द्राक्षांची वाइन, त्याच्या हातून पुन्हा उतरली नसती. चाळीस माणसांना अर्धा रांजण पुरला असता. उरलेला अर्धा कुणाला पुरला असता, हे सांगायला नको.

त्याने बेत पक्का केला. एल्गुजा येणार त्या सकाळी लमाराला तेलावीला बहिणीकडे पाठवायचं. घरची बाई घरात नाही म्हटल्यावर टेबल मांडण्याची अपेक्षा कोण करणार? व्याह्याला कॉफी पाजायची, चाळीसचा आकडा गळी उतरवायचा आणि जेवणवेळेच्या आत गाडीत बसवून द्यायचं. आगाऊ शेजाऱ्यांचा बंदोबस्त बासारा करेल.

“व्याही यायच्या दिवशी मी घरात नको?” लमाराने विचारलं.

“बहीण आजारी आहे ना तुझी.”

“तिला सर्दी झालीय.”

“सर्दीकडे दुर्लक्ष करू नये,” जुंबेर म्हणाला. लमाराने त्याच्याकडे एकदा पाहिलं, बासाराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सकाळच्या गाडीने गेली.

ती गेल्यावर पहिला आला तो शेजारचा गिगला म्हातारा. हातात काही नाही, म्हणजे काहीतरी मागायला आलेला. तो फाटकात थबकला. बासारा उठला, शांतपणे त्याच्याजवळ गेला, त्याची पँट हुंगली आणि बाजूला झाला. गिगला आत आला. जुंबेर ओट्यावरून बघतच राहिला. हा कुत्रा आहे की दरवान, असं त्याच्या मनात आलं.

गिगलाला नरसाळं हवं होतं. जुंबेरने ते इतक्या चपळाईने आणून दिलं की गिगलाला संशयच आला. तो नरसाळं घेऊन वळला, तर फाटकात बासारा आडवा पडलेला. गिगला डावीकडून गेला, बासारा डावीकडे सरकला. गिगला उजवीकडून गेला, बासारा उठून उभा राहिला आणि त्याच्या पोटातून जातं फिरल्यासारखा आवाज आला. मग त्याने गिगलाच्या कोटाचं टोक अलगद दातांत धरलं, त्याला अंगणातल्या बाकापाशी परत आणलं आणि सोडलं.

“जुंबेर,” गिगला खाली बसत म्हणाला, “तुझा कुत्रा मला जाऊ देत नाहीये.”

“खेळतोय तो,” जुंबेर म्हणाला आणि भट्टीपाशी वापरायचा तो आवाज काढून ओरडला, “बासारा, बाजूला हो.” बासाराने जांभई दिली.

तेवढ्यात एल्गुजा आले. उंचपुरे, पांढऱ्या मिशांचे, कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. बासाराने त्यांनाही हुंगून आत घेतलं. कुत्र्याची तारीफ झाली आणि जुंबेर क्षणभर सगळं विसरून श्वानशास्त्रात शिरला. हा फक्त माझंच ऐकतो, असंही तो बोलून गेला. गिगलाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

लमाराने सकाळीच थर्मासमध्ये भरून ठेवलेली कॉफी झाली. लमारा घरी नसल्याबद्दल जुंबेरने भरपूर खेद व्यक्त केला. ती असती तर आज काय काय झालं असतं याची यादीच त्याने सांगितली, कारण यादीला काही लागत नाही. मग तो चाळीसच्या आकड्याकडे वळणार, तोच एल्गुजाच उठले. त्यांनी घसा साफ केला, एक गोष्ट बोलायची होती म्हणाले, पुन्हा गप्प झाले, ती निघताना बोलू म्हणाले, आणि फाटकाकडे चालू लागले. बासारा उठला.

आता जुंबेरपुढे दोनच वाटा होत्या. आपला कुत्रा आपल्याला विचारत नाही हे व्याह्यासमोर कबूल करायचं, किंवा व्याह्याला बसवून घ्यायचं. माणसाला आपल्या मोठेपणासाठी काय काय करावं लागतं. त्याने धावत जाऊन एल्गुजांचा दंड धरला.

“नुसत्या कॉफीवर कोण जातं? बसा. असं कसं जाऊ देईन मी?”

“पण घरात बाईमाणूस नाही...”

“मी आहे ना,” जुंबेर म्हणाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच स्वयंपाकघरात चूल कुठे आहे ते शोधायला गेला.

तिथून त्याने आधी लमाराला फोन लावला. कुत्रा कुणाला बाहेर सोडत नाही, असं त्याने दबक्या आवाजात सांगितलं.

“जेवायला काय दिलंस?” लमाराने विचारलं.

“अगं, मी कुत्र्याबद्दल बोलतोय.”

“आणि मी माणसांबद्दल. चीज फडक्यात बांधलंय, अक्रोड कुटून ठेवलेत, कणीक झाकून ठेवलीय. मी संध्याकाळच्या गाडीने येते. ताई सोडत नाहीये.”

ज्या घरात कुणी जेवायला येणार नव्हतं, त्या घरात एवढी कणीक कशासाठी भिजवली होती, हा प्रश्न जुंबेरला तेव्हा पडला नाही. त्याने तोर्ग्वाला फोन लावला. डोंगरातून उतरलेल्या माणसाचा फोन लागतो हेच नशीब.

“लोकांना आत येऊ देतो तो,” जुंबेर तक्रारीच्या सुरात म्हणाला.

“येऊ देणारच. पाहुण्याला फाटकातून हाकलणारा कुत्रा मी पाळीन का? आमच्या वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला.”

“पण बाहेर सोडत नाही.”

“मालकाने सोडल्याशिवाय कसा सोडेल? आत आलेला माणूस पाहुणा आहे की चोर, ते मालकालाच ठाऊक. मालकाने त्याच्या खांद्यावर हात टाकून फाटकापर्यंत पोचवायचं, की झालं. हेच सांगत होतो तर तू म्हणालास, वाचलंय.”

जुंबेरचा जीव भांड्यात पडला. त्याने अंगणात येऊन गिगलाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला प्रेमाने फाटकाकडे चालवलं. बासारा दोघांकडेही आळीपाळीने बघत गुरगुरला. जुंबेर पुन्हा स्वयंपाकघरात धावला.

“हात टाकला. ऐकत नाही.”

“त्याला खायला कोण घालतं?” तोर्ग्वाने विचारलं. “मी. शिळ्या रोट्या,” जुंबेर म्हणाला. “मग लमाराला विचार बाबा,” तोर्ग्वा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपार व्हायच्या आत गिगलाची बायको एतेरी नवऱ्याला शोधत आली. नरसाळं आणायला गेलेला माणूस इतका वेळ करतो म्हणजे काय, हे विचारायला ती आत शिरली आणि अर्थातच आतच राहिली. तिने एकदा बासाराकडे पाहिलं, एकदा चुलीपाशी जुंबेरच्या काळ्या पडलेल्या रोटीकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावून त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. घटकाभरात चीज भरलेल्या रोट्या आल्या, अक्रोडाच्या वाटणातली वांगी आली, राजमा आला. मग जुंबेरच्या कानावर कोंबडीचा एक अर्धवट आवाज आला. कुठली कोंबडी, ते त्याने आवाजावरून ओळखलं. रोज अंडं देणारी होती.

मध्येच एतेरीने आपल्या भाच्याला फोन केला होता. भाचा झाझा पोलिसात होता. तो गाडी घेऊन, टोपी नीट करून, एका हाताने कमरेचा पट्टा धरून आला. बासाराने त्याला सगळ्यांत जास्त वेळ हुंगलं आणि आत घेतलं.

“बघा, मला काही करत नाही,” झाझा म्हणाला. “वर्दी ओळखतात जनावरं.” मग त्याने परत फिरून दाखवलं. बासाराने त्याची टोपी काढून घेतली आणि ती दोन्ही पंजांत धरून फाटकात बसला. साहेबांचा फोन आला तेव्हा झाझाने तपास चालू असून वेळ लागेल असं सांगितलं आणि ताट पुढे ओढलं.

एवढं टेबल मांडल्यावर त्यावर वाइन नाही असं आमच्या खोऱ्यात होत नाही. जुंबेरने पहिल्यांदा सुरईच्या तळाशी उरलेली आंबट वाइन आणली. गिगलाने स्वतःलाच तामादा नेमून घेतलं होतं, म्हणजे कुणाच्या नावाने प्याला उचलायचा ते तो ठरवणार आणि त्यावर बोलणार. तो शांतीवर बोलला, देशावर बोलला, आणि प्रत्येक घोटाला असा चेहरा करत गेला की बघणाऱ्याचे दात आंबावेत. तिसरा प्याला गेलेल्या माणसांचा. गिगलाने एल्गुजांच्या दिवंगत वडिलांचं नाव घेतलं, सगळे उभे राहिले, आणि सुरई रिकामी झाली.

गेलेल्या माणसाचं नाव घेऊन प्याला खाली ठेवता येत नाही. सगळे हातात रिकामे प्याले धरून उभे होते, एल्गुजांचे डोळे भरून आले होते, आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं. गिगलासुद्धा बोलला नाही. त्याने फक्त तळघराच्या दाराकडे पाहिलं.

जुंबेर तळघरात गेला. रांजणाच्या तोंडावरची माती त्याने हातांनी उकरली, आणि खरं सांगायचं तर त्याला रडू आलं. मागच्या पानगळीत त्याने स्वतः द्राक्षं तुडवली होती, थंडीत रात्री उठून झाकण चाचपलं होतं. झाकण उघडताच वास आला. काळ्या चेरीचा, ओल्या मातीचा, आणि किंचित धुराचा. त्याने सुरई बुडवली. वर येऊन त्याने ओतली आणि एल्गुजांनी वडिलांच्या नावाने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग ते बराच वेळ प्याल्याकडे बघत राहिले.

“ही तू केलीस?” त्यांनी विचारलं.

जुंबेरला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं, कारण त्याने आजवर ती कुणाला पाजलीच नव्हती. त्याला फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला. त्या रागाच्या भरात त्याने दुसरी सुरई भरून आणली. पुढे तिसरी आणताना राग नव्हता, नुसती सुरई होती. झाझा गाऊ लागला, गिगलाने खालचा सूर धरला, आणि कुंपणापलीकडे गल्लीत लोक जमू लागले. जुंबेरच्या अंगणातून गाणं ऐकू येतंय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

ऊन कलल्यावर एल्गुजा उठून उभे राहिले. त्यांनी तामादाची परवानगी मागितली.

“मला एक कबुली द्यायचीय,” ते म्हणाले. “लोकांनी मला सांगितलं होतं की जुंबेरकडे कॉफीला जाशील तर साखर घरून ने. मी आणलीय.” त्यांनी कोटाच्या खिशातून साखरेच्या दोन वड्या काढून टेबलावर ठेवल्या. “बायको म्हणाली, मुलगी चांगली आहे, बापाचं मन दुखवू नका. त्याच्या घरची मेजवानी नकोच म्हणा. सगळं लग्न आपल्याकडे करू, सगळा भार आपण उचलू, त्यांची चाळीस माणसं आली तरी पुष्कळ झाली. सकाळी मी हेच सांगायला उठलो होतो.”

जुंबेरच्या हातातला प्याला तिथेच थांबला. चाळीस माणसं, तीही दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या खर्चाने. रांजण जसाच्या तसा. सगळं काही फाटकापासून चार पावलांवर आलं होतं आणि त्याने स्वतः दंड धरून ते परत आणलं होतं.

“देवाची कृपा,” एल्गुजा सांगत होते, “की हे तोंडातून बाहेर पडायच्या आत या माणसाने मला धरलं. घरात बाई नाही तर स्वतः चुलीपाशी गेला. लग्नाचा रांजण माझ्या बापाच्या नावाने फोडला. आणि फाटकात कुत्रा बसवलाय, पाहुणा जाऊ नये म्हणून. असा यजमान मी पाहिला नाही. आता ते बोललो तर या घराचा अपमान होईल. जुंबेर, पाठवणी याच अंगणात होणार. आमच्याकडून तीनेकशे माणसं येतील, जास्त नाही. तुझ्या मुलीच्या नावाने.”

मुलीच्या नावाचा प्याला बापाने तळापर्यंत रिकामा करायचा असतो. जुंबेरने केला. सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून एतेरीही रडली.

लमारा आली तेव्हा गाणं परत सुरू झालं होतं. बासारा उठून तिला सामोरा गेला, अख्ख्या अंगाने हलत. तिने फाटकात पडलेली झाझाची टोपी उचलली, झटकली आणि त्याला म्हणाली, “झालं, सोड आता.” बासारा फाटकातून बाजूला होऊन ओट्याखाली जाऊन पडला. फाटक मोकळं झालं. टेबलाभोवतीच्या एकानेही तिकडे मान वळवून पाहिलं नाही.

जुंबेर तिला तळघराच्या दारापाशी घेऊन गेला आणि तीनेकशे हा आकडा त्याने दोनदा सांगितला.

“तामताला बरं वाटेल,” लमारा म्हणाली. तिने कोट काढून खुंटीला अडकवला आणि प्याले धुवायला घेतले. सर्दी झालेली ताई कशी आहे हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तिला सांगायची गरजही वाटली नाही.

फाटक मोकळं झालेलं गल्लीतल्या लोकांनीही पाहिलं होतं. मुलीचं लग्न ठरलेल्या घरी तोंड गोड न करता पुढे जाणं शोभत नाही, तेव्हा ते आत यायला लागले. आधी भट्टीवाला, मग त्याचा भाऊ, मग बायका, मग व्याख्यान ऐकलेले सगळेच. बासारा ओट्याखालून निघाला. त्याने एकेकाला हुंगलं, एकेकाला आत घेतलं आणि शेवटचा माणूस आत आल्यावर तो फाटकात आडवा पडला.

“लमारा,” जुंबेर सुरई घट्ट धरून म्हणाला, “त्याला सांग ना, सोड म्हणून.”

“सांगेन की,” लमारा म्हणाली. “जेवू दे त्यांना आधी.”